बनावट म्हणजे खोटे नव्हे : गोरेगावचा थर्माकोल, लाटेवरची फळी आणि ‘म्हादेई’

१/१६
गोरेगावच्या चित्रनगरीत उभारलेल्या एखाद्या किल्ल्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर आले की त्याखालचा शेरा ठरलेला असतो : ‘थर्माकोलचे बुरूज, फायबरच्या तोफा, सगळे खोटे!’ इतिहासप्रेमी तरुणांत हा शेरा जाणकारीचे लक्षण मानला जातो. दगड, सागवान आणि पितळ म्हणजे इतिहास. फोम, प्लायवूड आणि फायबरग्लास म्हणजे नक्कल. ही वाटणी चुकीची आहे आणि तिची किंमत हयात असलेले कारागीर मोजत आहेत. त्याविषयी हा धागा.

२/१६
मराठीत ‘बनावट’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. ‘पेटीची बनावट भक्कम आहे’ म्हणजे तिची घडण भक्कम आहे. ‘बनावट नोट’ म्हणजे खोटी नोट. थर्माकोलला हसणारा दुसऱ्या अर्थापाशीच थांबतो. पहिल्या अर्थाकडे जाण्यासाठी एक परकी वाटणारी वस्तू उपयोगी पडते : घरी बनवलेला सर्फबोर्ड, म्हणजे लाटेवर उभे राहून घसरत जाण्याची फळी. ती फोम, लाकूड आणि फायबरग्लास याच तीन पदार्थांची असते. मात्र तिची परीक्षा कॅमेरा घेत नाही, समुद्र घेतो.

३/१६
या फळीचा इतिहास फोमपासून सुरू होत नाही. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतील अधिकारी जेम्स किंग याने १७७९ मध्ये हवाई बेटांवरील लाटांवर स्वार होणाऱ्या लोकांचे वर्णन लिहून ठेवले. त्यांच्या फळ्या कोआ, विलीविली आणि कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात त्या झाडाच्या लाकडाच्या असत. अडचण एकच होती : वजन. भरीव लाकडाची लांब फळी किनाऱ्यापर्यंत वाहून नेणे हेच कष्टाचे काम असे. १९३२ मध्ये टॉम ब्लेक याने आतून पोकळ फळीचे अमेरिकन पेटंट मिळवले, तेही वजन घटवण्यासाठीच.

४/१६
मग दुसरे महायुद्ध आले. त्या काळात काचतंतूंचे कापड आणि रेझिन यांपासून विमानांवरील रडारची आवरणे बनू लागली. हलके, मजबूत आणि रेडिओलहरी न अडवणारे कवच हवे होते. ब्रिटिशांच्या ‘मॉस्किटो’ विमानाचे अंग तर बर्च प्लायवूडच्या दोन पातळ थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड ठेवून घडवले होते. ते १९४० मध्ये प्रथम उडाले. युद्ध संपले आणि हे पदार्थ व हे ज्ञान कारखान्यांतून सामान्य माणसाच्या गॅरेजपर्यंत पोहोचले.

५/१६
कॅलिफोर्नियातील बॉब सिमन्स याने ते उचलले. त्याचे शिक्षण अभियांत्रिकीचे. १९४९ च्या सुमारास त्याने पॉलिस्टायरीन फोमचा गाभा, वरखाली पातळ प्लायवूड, कडांना बाल्सा आणि सर्वांवर फायबरग्लास अशी फळी बनवली. १९५४ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, लाटांवरच त्याचा बुडून मृत्यू झाला. पुढे १९५८ च्या सुमारास होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमच्या फळ्या बाजारात आणल्या. थर्माकोल हे ज्याचे भारतातील नाव, तोच पॉलिस्टायरीन सिमन्सच्या फळीच्या पोटात होता.

६/१६
ही रचना टिकते कशी? फळी वाकते तेव्हा एका पृष्ठावर ताण येतो आणि दुसऱ्यावर दाब. मधल्या भागावर या दोन्हींचा भार फारसा पडत नाही. म्हणून मजबूत पदार्थ बाहेर आणि हलका पदार्थ आत ठेवायचा. फोमचे काम दोन्ही कवचे एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवण्याचे. मधोमध लांबीने बसवलेली लाकडी पट्टी, म्हणजे स्ट्रिंगर, फळीला कणा देते. एकटा फोम बोटाने चेपतो, एकटे काचकापड लुळे पडते, एकटी पट्टी मोडते. तिघे चिकटले की माणसाचे वजन आणि लाटेचा मार दोन्ही पेलतात.

७/१६
घरी फळी बनवणाऱ्याचा क्रम साधा, पण निर्दय असतो. फोमचा ठोकळा मधोमध कापून त्यात लाकडी पट्टी चिकटवायची. तापलेल्या तारेने बाजूचा बाक कापायचा. रंधा आणि पॉलिशपेपरने कडा गोल करायच्या. डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळेपर्यंत हात थांबवायचा नाही. मग काचकापड अंथरून रेझिन आणि हार्डनर ठरल्या प्रमाणात मिसळून ओतायचे आणि ते घट्ट होण्याआधी हवेचा प्रत्येक बुडबुडा बाहेर काढायचा. एक बुडबुडा राहिला तर तिथूनच पाणी शिरते.

८/१६
यात एक सापळा आहे. स्वस्त पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असते आणि ते थर्माकोलला विरघळवून टाकते. दोन दिवस घासून घडवलेला आकार काही मिनिटांत खड्ड्यांचा होतो. म्हणून थर्माकोलवर इपॉक्सी वापरावे लागते किंवा आधी त्याला दुसऱ्या पदार्थाचा लेप द्यावा लागतो. हे रसायनशास्त्र कॅलिफोर्नियात जसे गॅरेजमध्ये शिकले गेले, तसेच ते गोरेगावात थर्माकोल आणि फायबर हाताळणाऱ्यांनाही शिकावे लागते. पदार्थ माणसाचा पत्ता विचारत नाही.

९/१६
आता गोरेगावचा हिशेब पाहावा. फिल्मिस्तान स्टुडिओ इथे १९४३ मध्ये उभा राहिला, राज्य सरकारची चित्रनगरी १९७७ मध्ये. २००२ च्या ‘देवदास’चे भव्य नेपथ्य याच चित्रनगरीत उभारले गेले. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांना चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले; त्यांचे नाव इतिहासात राहील आणि राहायलाच हवे. पण ज्या सुतारांनी सांगाडे ठोकले, ज्यांनी मातीवरून प्लास्टरचे साचे काढले आणि त्यांत फायबरचे खांब ओतले, त्यांची नावे किती इतिहासप्रेमींना सांगता येतील?

१०/१६
यावर पहिला आक्षेप येईल : ‘नेपथ्य दिसण्यापुरते असते, टिकण्यासाठी नसते.’ हे खरे आहे. चित्रीकरण संपले की ते मोडले जाते आणि त्याची मागची बाजू उघडी फळकुटेच असते. पण हा दोष पदार्थाचा नाही, ती कामाची गरज आहे. लग्नाचा मांडव चार दिवसांनी उतरतो म्हणून कोणी बांबूला खोटा म्हणत नाही. हेच पदार्थ टिकण्यासाठी वापरले तर काय होते, याचा पुरावा गोरेगावपासून दूर, गोव्यात मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर आहे.

११/१६
तिथे रत्नाकर दांडेकर यांच्या बोटयार्डात ‘म्हादेई’ ही ५६ फुटी शिडाची नौका बांधली गेली. नाव मांडवी नदीचेच. भारतीयाने भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. नौकेच्या अंगाचा गाभा लाकडी पट्ट्यांचा. त्यावर आतून-बाहेरून काचतंतू आणि इपॉक्सीचे कवच. म्हणजे सर्फबोर्डाचीच रचना, फक्त फोमच्या जागी लाकूड. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली.

१२/१६
१९ ऑगस्ट २००९ रोजी नौदल अधिकारी दिलीप दोंदे मुंबईहून तिच्यातून एकटे निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन असे चारच थांबे घेऊन मे २०१० मध्ये ते मुंबईला परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. नौका बांधली जात असताना ते स्वतः त्या कामात उतरले होते. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली. दक्षिण महासागरातील लाटांना ‘फायबरची आहे’ म्हणून तिला हसता आले नाही.

१३/१६
दुसरा आक्षेप : ‘हे तंत्र परकीय; आपला वारसा कसा?’ १६५० च्या दशकाच्या अखेरीस शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी भागात आरमार उभारायला घेतले, तेव्हा पोर्तुगीजांकडील जाणकार कारागीरही कामाला लावले. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ जहाज मलबारी सागवानाचे, पण ब्रिटिश आराखड्याचे. ते आजही इंग्लंडमध्ये तरंगते आहे. आरमाराचा अभिमान बाळगायचा आणि आरमार उभारणाऱ्यांची शिकण्याची वृत्ती नाकारायची, हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा आहे.

१४/१६
सर्वांत बोलका पुरावा अलीकडचा. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून, खिळ्यांऐवजी काथ्याने फळ्या शिवून बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले. इतिहासप्रेमींनी त्याचे उत्साहाने स्वागत केले आणि ते योग्यच होते. शिवणकामाचे नेतृत्व केरळचे बाबू शंकरन यांचे. पण जहाज बांधणारी संस्था कोणाची? ‘म्हादेई’ घडवणाऱ्या त्याच रत्नाकर दांडेकरांची. काथ्याच्या जहाजाला वारसा म्हणायचे आणि त्यामागे असलेला फायबरचा अनुभव मात्र विसरायचा, हे कोणत्या न्यायाने?

१५/१६
तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे : हे पदार्थ कुजत नाहीत. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, ती उगाच नव्हे. फायबर घासताना उडणारी काचधूळ आणि रेझिनची वाफ आधी कारागिराच्याच फुप्फुसात जाते. सर्फबोर्डांसाठी फोम पुरवणारी ‘क्लार्क फोम’ ही बलाढ्य कंपनी ५ डिसेंबर २००५ रोजी अचानक बंद झाली, त्यामागेही पर्यावरण आणि सुरक्षेच्या नियमांचा ताण होता. म्हणून पदार्थ जपून वापरावा, वस्तू दुरुस्त करून टिकवावी, कारागिराला मुखवटा आणि मोकळी हवा मिळावी, ही मागणी रास्त आहे. मात्र पदार्थ घातक आहे म्हणून त्यावरचे कौशल्य खोटे ठरत नाही.

१६/१६
इतिहासाचे साधन केवळ दगडात नसते. नेपथ्य मोडले जाते, साचे फेकले जातात, कारागीर निवृत्त होतो आणि त्याच्याबरोबर एक संपूर्ण ज्ञानशाखा गावी निघून जाते. पन्नास वर्षांनी कोणी गोरेगावच्या कारागिरीचा इतिहास लिहू लागला तर त्याला चित्रपट सापडतील, हात सापडणार नाहीत. म्हणून पुढच्या वेळी फायबरच्या तोफेचे छायाचित्र दिसले की ‘खोटी’ असा शेरा लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : कोणी घडवली? साचा कसा काढला? शिकवले कोणी? उत्तरे मिळाली तर ती नावानिशी, तारखेनिशी टिपून ठेवावीत. वाडियांच्या गोदीत सागवान तासणाऱ्या सुतारांबाबत हे प्रश्न वेळेवर विचारले गेले नाहीत. गोरेगावात ते विचारायला अजून वेळ आहे.