पाण्याचा ताप बघा, मग ढेप टाका

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याच्या उत्तर टोकाला, मध्य प्रदेशाच्या सीमेला टेकून बपेरा आहे. वैनगंगा आणि बावनथडी या नद्यांचा हा पट्टा पूर्व विदर्भातल्या इतर धानपट्ट्यासारखाच आहे. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्रीचा पारा १० अंशांखाली उतरतो आणि मे महिन्यात दुपारी ४५ अंशांपर्यंत चढतो. माणूस शेकोटी पेटवतो, कूलर लावतो. तलावातल्या रोहूला यातले काहीच करता येत नाही. पाणी जेवढे थंड, तेवढेच त्याचे अंग थंड. पाणी तापले की तोही तापतो. त्याची भूकही त्या पाण्याबरोबर वरखाली होते.

एवढी साधी गोष्ट, पण ती खाद्याच्या हिशोबात मात्र क्वचितच धरली जाते. बोडीत किंवा शेततळ्यात मासे पाळणाऱ्याला सांगितलेले असते की माशांच्या एकूण वजनाच्या दोन ते पाच टक्के खाद्य रोज द्यावे. त्यासाठी भाताचा कोंडा आणि तेलबियांची ढेप निम्मी-निम्मी मिसळतात. भाताच्या गिरण्यांमुळे कोंडा भंडाऱ्यात सहज मिळतो. ढेप विकत घ्यावी लागते, आणि ती महाग आहे. हे दोन ते पाच टक्के सांगताना पाण्याचे तापमान किती धरले आहे, हे बहुधा सांगितलेच जात नाही. कटला, रोहू, मृगळ या माशांना साधारण २५ ते ३२ अंशांचे पाणी मानवते, आणि शिफारस त्याच पाण्याला लागू पडते. जानेवारीतल्या पाण्याला ती लागू नाही.

कारण माशाच्या आतड्यात आहे. रोहू, मृगळ यांना आपल्यासारखे आम्ल पाझरणारे जठर नसते. घशातल्या दातांनी चिरडलेले अन्न थेट आतड्यात उतरते, आणि ते आतडे शरीराच्या लांबीच्या अनेक पट लांब असते. प्रथिने, पिष्ट आणि तेल फोडण्याचे सगळे काम तिथली पाचक विकरे करतात, आणि या विकरांचा वेग तापमानावर ठरतो. ढोबळ नियम असा की पाणी १० अंशांनी थंड झाले की शरीरातल्या रासायनिक क्रिया जवळपास निम्म्या वेगाने चालतात. अन्न आतड्यात रेंगाळते. आतडे रिकामे होऊ लागेपर्यंत मासा पुन्हा फारसे खात नाही. २० अंशांखाली या माशांची भूक झपाट्याने घटते, आणि १५ च्या आसपास ते खाणे जवळजवळ सोडतात.

आता हिशोब करून पाहावा. शेततळ्यात १,००० किलो मासा आहे आणि तीन टक्क्यांनी रोज ३० किलो खाद्य पडते. थंडीत मासा त्यातले निम्मेच खातो असे धरले, तरी रोजचे १५ किलो म्हणजे महिन्याला ४५० किलो कोंडा-ढेप तळाला जाते. शेतकऱ्याचा पैसा तिथे कुजतो. शिवाय ते कुजणे फुकट होत नाही. त्यात पाण्यातला प्राणवायू खर्च होतो, अमोनिया तयार होतो, आणि हिवाळ्यात उधळलेल्या ढेपेची किंमत उन्हाळ्यात मासा मोजतो.

उन्हाळ्याचा धोका वेगळा, आणि थंडीपेक्षा मोठा. पाणी ३० अंशांपर्यंत गेले की मासा हपापल्यासारखा खातो. पचन जोरात, वाढ जोरात. शेतकऱ्याला वाटते, आता हात सैल सोडावा. पण २० अंशांच्या पाण्यात एका लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांत जेमतेम साडेसात. खाल्लेले पचवायलाही प्राणवायू लागतो; भरपेट खाल्लेला मासा पुढचे काही तास उपाशी माशापेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू ओढतो. म्हणजे गरज वाढते त्याच वेळी साठा आटतो. अमोनियाचेही तसेच: पाणी जितके गरम आणि जितके क्षारधर्मी, तितका त्याचा विषारी भाग मोठा. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडमिट करताना दिसतात, त्यामागे पुष्कळदा आदल्या संध्याकाळचे जास्तीचे खाद्य असते.

मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतल्या संशोधकांनी रोहू, कटला, मृगळ यांची पिल्ले वेगवेगळ्या तापमानांत ठेवून त्यांची सहनशक्ती आणि प्राणवायूचा वापर मोजला. तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. हे मासे बऱ्यापैकी उष्णता सोसतात, पण पाणी तापेल तसा त्यांचा प्राणवायूचा खप वाढत जातो. सोसणे आणि वाढणे यांतला हा फरक मत्स्यशेतीत फार महागात पडतो. मासा मेला नाही म्हणून सगळे ठीक चालले आहे, असे समजण्यात अख्खा उन्हाळा निघून जातो.

आंध्रातल्या कोलेरू सरोवराच्या परिसरातले मत्स्यशेतकरी खाद्य पाण्यावर फेकत नाहीत. भोके पाडलेल्या पिशव्यांत कोंडा भरून त्या बांबूंना बांधून पाण्यात सोडतात आणि मासे भोकांतून खातात. संध्याकाळी पिशवी जड राहिली की उद्याचे खाद्य कमी करायचे, हे अडाण्यालाही कळते. बपेऱ्याच्या परिसरात ना बांबूची वाण आहे ना पोत्यांची. त्याच्या जोडीला काही शे रुपयांचा तापमापक आणि एक वही एवढेच हवे. थंडीत ऊन चढल्यावर दुपारच्या आत एकदाच, थोडे खाद्य. पाणी फारच गारठले तर तेही बंद. उन्हाळ्यात ऊन तापण्याआधी, सकाळी आठ-नऊच्या सुमारास. ढगाळ, कोंदट दिवशी हात आखडता.

मोठ्या तलावांचे काय, असा प्रश्न इथे रास्त आहे. भंडाऱ्याची ओळख माजी मालगुजारी तलावांची, लोकांच्या तोंडी मामा तलावांची. त्यातल्या बहुतेक तलावांत ढिवर समाजाच्या मत्स्य सहकारी संस्था ठेक्याने बोटुकली सोडतात, आणि मासे पाण्यातल्या शेवाळावर, सूक्ष्म जीवांवर वाढतात. तिथे ढेप कोणी टाकत नाही. पण आतड्याचा नियम तिथेही बदलत नाही, आणि तिथले तापमान ठरवणारी गोष्ट म्हणजे पाण्याची खोली. गाळाने भरलेल्या, गुडघाभर उरलेल्या तलावाचे पाणी मे महिन्यात तळापर्यंत तापते. पुरुषभर खोल डोह असेल तर माशाला निदान हालायला जागा असते.

नेमक्या याच दिवसांत तलाव उपसले जातात. उन्हाळी धानाला मार्च ते मे या काळात सर्वाधिक पाणी लागते. धान उत्पादकाची गरज खोटी नाही. भंडाऱ्यात धानाविरुद्ध बोलणारा माणूस मूर्खच ठरेल. मात्र ठेक्याची रक्कम भरलेल्या ढिवराच्या माशाचा विचार त्या पाणीवाटपात होत नाही, हे अन्यायाचे आहे. वर्षभर वाढवलेला मासा सर्वात मोठा असतो, त्याची भूक आणि प्राणवायूची गरज सर्वात जास्त असते, तेव्हाच त्याचे पाणी सर्वात उथळ आणि सर्वात गरम होते. मग संस्थेला मिळेल त्या भावात घाईने मासा काढावा लागतो.

राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. तिच्यात गाळ शेतात जातो, हे चांगलेच. पण तलाव सपाट खरवडण्याऐवजी पाळीच्या बाजूला एक खोल भाग मुद्दाम राखला, तर तोच खर्च माशालाही उपयोगी पडेल. हा भाग कुठे असावा, हे त्या तलावात पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्या ढिवरांइतके कोणाला ठाऊक नसते. यंत्र लावण्याआधी त्यांना विचारले पाहिजे. पाणी किती पातळीखाली उपसायचे नाही, याची खूण तलावाच्या दरवाजावर रंगवलेली असावी आणि उन्हाळी सिंचनाच्या पाळ्या ठरवणाऱ्या बैठकीला मत्स्य संस्थेचा प्रतिनिधी बसावा. त्याच्या हातात वर्षभराची तापमानाची वही असली, तर कोणत्या आठवड्यात तलावातले पाणी किती तापले, हे त्याला आकड्यांनिशी सांगता येईल.