एक पान कोरं सोडा

लुडोच्या डब्यातले दोन फासे घ्या आणि टाका. आलेल्या बेरजेतून दोन वजा करा. आठ उरले? मग तुमचा ग्रह साधारण पृथ्वीएवढा. पुन्हा टाका, पुन्हा दोन वजा करा. आता लोकसंख्या ठरली. जो आकडा उरेल तितकी शून्यं एकावर द्यायची. नऊ उरले तर शंभर कोटींची वस्ती. मग हवा, पाणी, सरकार, कायदा, तंत्रज्ञान. पाच मिनिटांत एक अख्खं जग वहीच्या एका ओळीत बसतं.

ही पद्धत ‘ट्रॅव्हलर’ नावाच्या खेळाची. मार्क मिलर यांनी रचलेला हा खेळ १९७७ साली अमेरिकेतल्या गेम डिझायनर्स वर्कशॉप या कंपनीने काढला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार, बाकीचे अंतराळात भटकणारे व्यापारी नाहीतर निवृत्त सैनिक. स्क्रीन नाही, रिचार्ज नाही. कागद, पेन्सिल, फासे आणि गप्पा.

खरी गंमत पुढेच आहे. फाशांना अक्कल नसते. ते कधी असा ग्रह देतात की हवा विषारी, वस्ती अब्जावधींची आणि तंत्रज्ञान मात्र बैलगाडीच्या काळातलं. मग ही माणसं श्वास कशी घेतात? एक म्हणतो, ती जमिनीखाली राहतात. दुसरी म्हणते, पूर्वजांनी लावलेली यंत्रं अजून चालू आहेत, पण ती दुरुस्त कशी करायची हे आता कुणालाच माहीत नाही. झालं, गोष्ट सुरू! विसंगत आकड्यांचं पटेल असं उत्तर शोधता शोधता जगभरच्या चाहत्यांनी या खेळातले कितीतरी ग्रह, त्यांचा इतिहास आणि त्यांच्या लढाया लिहून काढल्या.

हे सगळं घडलं, कारण कंपनीने जागा सोडली होती. आकाशाच्या नकाशातला फोरेव्हन नावाचा एक मोठा पट्टा तर मुद्दाम मोकळा ठेवला होता. तिथे काय आहे ते प्रत्येक सूत्रधाराने स्वतः ठरवायचं. पुढे १९९६ साली ती कंपनी बंद पडली. खेळ मात्र आजही खेळला जातो. ते जग तोवर एकट्या कंपनीचं उरलंच नव्हतं, हे त्याचं एक मोठं कारण.

‘हे परदेशी चोचले, आपल्याला काय त्याचं?’ असं म्हणाल, तर जात्यावरची ओवी आठवा. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने पुढची जोडायची. गाणं कुणा एकीचं नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या असोद्याच्या बहिणाबाई लिहायला शिकल्या नव्हत्या. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती गाणी उतरवून ठेवली, म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं आणि आज विद्यापीठावर त्यांचं नाव आहे. गाणारं कुणीतरी लागतं, तसं वही ठेवणारंही कुणीतरी लागतं.

मराठी विज्ञानकथेची परंपराही काही लहान नाही. १९७४ साली जयंत नारळीकरांनी आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून ‘ना. वि. जगताप’ या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. पण हे झालं एकट्याने लिहिणं. दहा जणांनी मिळून एक भविष्य रचायचं, हे आपण फारसं केलेलं नाही. आणि आपण पाहतो त्या सिनेमांत भविष्य घडतं न्यूयॉर्कला, फार तर मुंबईला. २१२५ सालचं रावेर कुणी पाहिलंय?

तेव्हा पहिला ग्रह रावेरच घ्या. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधून भुसावळ-खंडव्याची रेल्वे. पाण्याचा फासा टाका. एक आला, म्हणजे दहा टक्के पाणी. हे आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दरवर्षी बोअर किती फूट खाली नेली याचा हिशेब घराघरांत चालतो. आता विचारा, एवढ्या पाण्यावर केळी कशी टिकली? टिश्यू कल्चरची रोपं म्हणजे एकाच झाडाच्या नकला. एक नवा रोग आला तर अख्ख्या ग्रहाचं काय होईल? केळीचा भाव कोण ठरवतं, आणि पहिल्या वॅगनमध्ये कुणाचा माल चढतो? पालकडची पावरा मुलगी या डोंगराला काय नाव देईल, आणि लेवा गणबोली बोलणारा तुमचा मित्र काय देईल? दोन्ही नावं नकाशावर लिहा.

नियम तीनच. एक, दुसऱ्याने लिहिलेलं खोडायचं नाही. पटलं नाही तर ते तसं का झालं याचं कारण शोधायचं. भांडण मिटवायची याहून चांगली तालीम कॉलेजात मिळणार नाही. दोन, प्रत्येक पानाखाली लिहिणाऱ्याचं नाव हवं, आणि हक्क कुणाचा हे पहिल्याच दिवशी ठरवायचं. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या कंपनीने २००० सालापासून चालत आलेला खुला परवाना बदलायचा घाट घातल्याचं जानेवारी २०२३ मध्ये फुटलं. चाहते इतके खवळले की महिनाअखेर कंपनीला मूळ नियम कायमचे खुले करावे लागले. मैत्रीत कशाला लिखापढी, असं म्हणू नका. तीन, एक पान कोरं सोडायचं. पुढच्या वर्षी एफवायला येणाऱ्यांसाठी.

तुमच्यातले बरेच जण शिकायला, नोकरीला पुण्याला जाणार. जायलाच हवं, त्यात वावगं काही नाही. पण गावाचं उद्याचं चित्र काढायचं काम नेहमी बाहेरच्यांवर टाकलं, तर त्या चित्रात आपण कुठे असू? शंभर पानी वही आणि दोन फासे एवढंच तर लागतं. कॅन्टीनमधल्या एका टेबलावर या आठवड्यात सुरुवात करा. पाण्याचा फासा आधी टाका.