एका अंकमालेचें रहस्य

'सरस' व 'नवीन' हे शब्द उलट वाचले तरी बदलत नाहींत. कांहीं संख्यांचेंही तसेंच असतें. इसवी सनाच्या नवव्या शतकांत, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळीं होऊन गेलेल्या महावीराचार्यांनीं 'गणितसारसंग्रह' या आपल्या संस्कृत ग्रंथांत गुणाकाराच्या उदाहरणांतून अशा कित्येक संख्या साधल्या असून त्यांतील कांहींस कंठांतील हाराची उपमा दिली आहे. त्याच ग्रंथांतील १२३४५६५४३२१ ही संख्या पाहा. ती एकापासून सहापर्यंत चढते व त्याच क्रमानें उतरते. २७९९४६८१ या संख्येस ४४१ नें गुणिलें असतां ती प्राप्त होते.

असा गुणाकार पाहून विद्यार्थी 'केवढा चमत्कार!' असें म्हणतो आणि पान उलटतो. आमच्या मतें खरा अभ्यास तेथूनच सुरू झाला पाहिजे. ४४१ हा २१ चा वर्ग, व २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग. २१ व ५२९१ यांचा गुणाकार १११११११ नव्हे, तर नेमका सहा एकांचा, म्हणजे १११११‍१ होय. तेव्हां आपली संख्या ही या सहा एकांचा वर्ग ठरते. आतां शाळेंतील रीतीनें हा वर्ग मांडावा. सहा ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात. बेरजेच्या वेळीं पहिल्या घरांत एक, दुसऱ्यांत दोन, असें होत मधल्या घरांत सहा एक जमतात व पुढें ते कमी होत जातात. कोठेंही हातचा येत नाहीं, म्हणूनच माळ अखंड राहते.

कोणी म्हणेल, कारण कळलें कीं मौज संपली. आम्हांस हें मान्य नाहीं. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असा येतो. केवळ मौज पाहणारा समजेल कीं, हा क्रम असाच पुढें चालणार. कारण जाणणारा मात्र आधींच सांगेल कीं, दहा एकांच्या वर्गांत मधल्या घरीं दहा जमून हातचा येईल व हार तुटेल. खरोखरच तेथें १२३४५६७९००९८७६५४३२१ असें उत्तर येतें.

आणखी एक विवेक येथें शिकावयास मिळतो. उलटसुलट सारखेपणा हा संख्येचा नव्हे, तर तिच्या लेखनाचा गुण आहे. दशमान पद्धतींतील ११ ही संख्या द्विमान पद्धतींत १०११ अशी लिहितात. तेथें तो सारखेपणा उरत नाहीं. परंतु ती संख्या कशीही लिहिली तरी मूळसंख्याच राहते. बाह्य रूप व अंगचा गुण यांतील हा भेद ज्यास कळला, तो अंकांच्या शुभाशुभाच्या गोष्टींनीं सहसा फसणार नाहीं.

उत्तर पाठ करण्यापेक्षां 'कां?' असें विचारण्याची संवय विद्यार्थ्यांनीं लावून घ्यावी, एवढेंच आमचें सांगणें आहे. आरंभास एक प्रश्न देतों: उलटसुलट सारखी असलेली चार अंकी कोणतीही संख्या ११ नें निःशेष भागली जाते. कां बरें? वाचकांनीं कागद-पेन्सिल घेऊन तें स्वतःच शोधून काढावें.