जिंकलेल्या बैलाचें मूत्र कोण तपासणार ?

गाडीस जुंपून जनावर पळविणें ही आपल्याच मुलखाची हौस, असें आम्ही समजत होतों. परंतु अमेरिकेंतही दोन चाकांच्या हलक्या गाडीस घोडा जुंपून, त्याला चौखूर उधळूं न देतां पळविण्याच्या शर्यती शतकाहून अधिक काळ चालत आल्या आहेत. तेथें जें घडलें तें आमच्या गाडामालक बंधूंनीं लक्षपूर्वक ऐकावें.

तेथें एक युक्ति फार बोकाळली होती. शर्यतीपूर्वी कांहीं तास घोड्याच्या नाकपुडींतून नळी घालून, खाण्याचा सोडा व साखर पाण्यांत कालवून थेट पोटांत सोडावयाची. धांवतांना स्नायूंत सांचणारें आम्ल सोड्यानें मारलें जातें व जनावर उशिरां थकतें, असा हिशेब. सोडा तर घरोघरीं असतो. त्याला औषध कोण म्हणणार? अखेर रक्तांतील कर्बवायु मोजून ही लबाडी उघडी पडूं लागली. मग रक्तांतील तांबड्या पेशी वाढविणारें औषध निघालें. तें थोड्याच दिवसांत शरीरांतून नाहींसें होतें, पण वाढलेल्या पेशी कित्येक आठवडे टिकतात. म्हणजे शर्यतीच्या दिवशीं नमुना स्वच्छ ! रक्त दाट होऊन मुक्या जनावराच्या काळजावर ताण पडतो, तो कोणाच्या खातीं लिहावयाचा ?

मार्च २०२० मध्यें न्यूयॉर्क येथील सरकारी वकिलांनीं दोन डझनांहून अधिक घोडे तयार करणारे, पशुवैद्य व औषधविक्रे यांवर खटले भरले. त्यांत गाडीच्या शर्यतींतलेही होते. त्यांचीं टेलिफोनवरील संभाषणें ऐकून पुरावा मिळाला. नुसत्या बाटल्या तपासून तो मिळाला नसता. तपासणींत सांपडूं नयेत अशींच औषधें करणाऱ्या एका पशुवैद्यास २०२२ सालीं ११ वर्षांची कैद झाली.

आतां आपल्याकडे पाहूं. सर्वोच्च न्यायालयानें मे २०१४ मध्यें बंद केलेल्या शर्यतींस १६ डिसेंबर २०२१ रोजीं सशर्त मोकळीक मिळाली व १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्याचा कायदा उचलून धरला. बैलास उत्तेजक द्रव्य देऊं नये, असें नियमांत आहेच. आम्ही महसुली कचेरींत तीस वर्षें कारकुनी केली. परवानगीचे अर्ज आमच्या टेबलावरून गेले आहेत. अनामत, हमीपत्र, पशुवैद्याचा दाखला, सारें जागच्या जागीं. पण जिंकलेल्या बैलाच्या मूत्राचा अहवाल एकाही फाईलींत आम्हीं पाहिला नाहीं. सकाळीं डोळे व खूर पाहून दिलेला दाखला दुपारच्या सुईविषयीं काय सांगणार ?

पोराच्या तोंडचें दूध बैलास घालणारे प्रामाणिक गाडामालक पुष्कळ आहेत. त्यांच्याच हिताचें आम्ही बोलतों. बक्षिसांत ट्रॅक्टर व मोटारी येऊं लागल्यावर सगळेच खुराकावर थांबतील, असें कोणी छातीवर हात ठेवून सांगावें.

पहिल्या तीन जोड्यांचें मूत्र मालकासमक्ष दोन बाटल्यांत घेऊन लाखेची मोहोर करावी. एक बाटली प्रयोगशाळेकडे धाडावी, दुसरी तक्रार निघाल्यास जपून ठेवावी. अहवाल येईतों बक्षीस हातीं देऊं नये. खर्च प्रवेशशुल्कांतून भागवावा. बैलाचें मूत्र धरणें शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. आणि गांवोगांव सुया पुरविणारा कोण, हें यात्रा कमिटीस सहसा ठाऊक असतें. त्याला शर्यतीच्या माळावर पाऊल टाकूं देऊं नये.

ही अट कमिट्यांनीं येत्या हंगामाच्या अर्जास आपण होऊन जोडावी. कचेरींतून तसें पत्र येण्याची वाट पाहूं नये. कचेरीचा वेग आम्हांस ठाऊक आहे.