ज्वारीची जहाजे आणि शेजारचे नाके



एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेची ज्वारी घेऊन चीनकडे निघालेली जहाजे भर समुद्रातून माघारी वळली. चीनने त्या ज्वारीवर १७८.६ टक्के अनामत मागितली होती. भांडण पोलादाचे आणि कारखानी मालाचे, अडवली ज्वारी! महिनाभरात ती अट उठली. जुलैत अमेरिकी सरकारने आपल्या शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरपर्यंत मदत जाहीर केली.

आपल्याकडे काय झाले? ऑगस्ट २०२५ मध्ये, आपण रशियाचे तेल घेतो म्हणून अमेरिकेने आपल्या मालावर जादा २५ टक्के कर लावला. आधीचा धरून ५०. कापडवाले अडचणीत आले. दिल्लीने त्यांची सोय केली ती कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ करून. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस घरात येण्याचा हंगाम. तेल घेतले कोणी आणि दंड भरला कोणी?

आम्ही कळंब्याची माणसे, उसाच्या पट्ट्यातली. कापसाचे दुखणे यांना काय कळणार, असे कोणी म्हणेल. पण ऊस आणि कापूस एकाच दारातून परत फिरलेले आम्ही पाहिले आहेत. पाकिस्तानशी व्यापार २०१९ ला थांबला होता. ३१ मार्च २०२१ ला तिथल्या आर्थिक समन्वय समितीने भारताची साखर आणि कापूस घ्यायला परवानगी दिली. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मंत्रिमंडळाने ती अडवली. एका दिवसाचा बाजार!

पहलगाममध्ये रक्त सांडले आहे. ते दार लगेच उघडा असे आम्ही म्हणत नाही. पण बांगलादेशाशी कोणते युद्ध होते? तिथे कापूस नावापुरता पिकतो आणि देश चालतो कपडे शिवून विकण्यावर. याहून जवळचे गिऱ्हाईक कुठले? तरी एप्रिल २०२५ मध्ये आपण त्यांचा माल आपल्या बंदरांतून पुढे नेण्याची सवलत काढली, त्यांनी आपले सूत जमिनीवरच्या नाक्यांवर अडवले, मे महिन्यात आपण त्यांचे तयार कपडे अडवले. सुताला समुद्राचा वळसा पडला. वळशाचे भाडे गिरणीवाला पदरचे देत नाही, कापसाच्या भावातून कापतो.

अशा वेळी शेजाऱ्यांनी एकत्र बसावे म्हणून १९८५ मध्ये ढाक्यात सार्क स्थापन झाली. २०१४ ला काठमांडूत नेते जमले. २०१६ ची इस्लामाबादची परिषद रद्दच झाली.

जिल्हा बैठकीत ठराव मांडा. शेजाऱ्यांशी कापूस-सुताचा व्यापार रुसव्याफुगव्यातून बाहेर ठेवा. नाका बंद करायचा असो की शुल्क माफ करायचे असो, पेरणीआधी सांगा. वेचणी सुरू झाल्यावर नव्हे.