फोटोवाल्याचे नाव काय?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या घरात आजोबांचा एकच फोटो आहे. डोक्याला फेटा, खांद्यावर कोणाचा तरी अर्धा हात, आणि नजर कॅमेऱ्याकडे नाही, बाजूला कुठेतरी. हा फोटो आजोबांनी हौसेने काढून घेतलेला नव्हे. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेला माणूस स्टुडिओची पायरी कशाला चढेल? गावातल्या एका लग्नात ते वऱ्हाड्यांच्या घोळक्यात उभे होते. ते वारल्यावर माझ्या वडिलांनी त्या लग्नघरी जाऊन अल्बम मागून आणला आणि नांदुऱ्याच्या एका दुकानात त्या घोळक्यातून आजोबांना तेवढे वेगळे काढून मोठे करून घेतले. म्हणून खांद्यावरचा तो हात अर्धाच आहे.

ते लग्न कोणाचे होते, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. फेटा कोणाचा मागून आणला होता, हेही आई सांगते. परंतु तो फोटो कोणी काढला, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. "कोणी म्हणजे? फोटोवाल्यानं!" एवढेच उत्तर मिळते.

मित्रहो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. काव्य म्हणजे काय, कलावंत आणि कारागीर यांत फरक कोणता, यावर आपण परीक्षेत पानेच्या पाने लिहितो. पण ज्याच्या हातची कला आपल्या प्रत्येकाच्या घरी भिंतीवर टांगलेली आहे, त्याचा विचार आपल्या मनात येत नाही. तो मी या लेखात मांडणार आहे. मी हे पुस्तकात वाचून लिहीत नाही. गेली दोन वर्षे लग्नसराईत मी एका फोटोग्राफरच्या हाताखाली लाईट धरण्याचे काम करतो. त्यांना सगळे दादा म्हणतात, मीही इथे तेच म्हणेन.

हे काम मी का धरले, तेही सांगून टाकतो. माझ्या बहिणीच्या लग्नाचे फोटो दादांनीच काढले. इसार दिला, उरलेले पैसे कापूस विकल्यावर देऊ म्हटले. कापूस विकला, पण त्या पैशाला आधी दुसऱ्या वाटा होत्या. दादा दोनदा घरी आले, चहा पिऊन गेले, पैशाची गोष्ट काढली नाही. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा वडील मागच्या दाराने निघून गेले. मला त्याची फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी दादांकडे गेलो आणि म्हणालो, बाकी फिटेपर्यंत मी तुमच्याबरोबर येतो. बाकी केव्हाच फिटली. आता मला एका लग्नाचे पाचशे रुपये मिळतात, त्यात माझी फी आणि पुस्तके निघतात. म्हणजे ज्या लोकांनी फोटोवाल्याचे पैसे बुडवले किंवा लांबवले, त्यांत आमचेही घर होते. दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी हे कबूल करणे मला आवश्यक वाटते.

दादांचे स्वतःचे दुकान नाही. पूर्वी होते, भाडे परवडेना म्हणून बंद केले. आता बोलावणे येईल तिकडे जायचे, मग ते मलकापूर असो, खामगाव असो, शेगाव असो, की मोताळ्याकडचे एखादे खेडे. कधी एखाद्या मोठ्या स्टुडिओवाल्याकडे एकाच दिवशी तीन लग्ने असतात, तेव्हा तो दादांना रोजाने पाठवतो. त्या अल्बमवर नाव स्टुडिओचे असते. फोटो दादांचे, नाव दुसऱ्याचे.

लोकांना वाटते, हा माणूस दोन-चार तास येतो आणि पैसे घेऊन जातो. हळद आदल्या दिवशीची. लग्नाच्या दिवशी नवरदेव पारावर यायच्या आधी आम्ही हजर. मे महिन्यात वऱ्हाडातले ऊन कसे असते ते तुम्हांला सांगायला नको. मंडपाच्या पत्र्याखाली दोन कॅमेरे गळ्यात आणि कमरेला बॅटऱ्यांची पिशवी घेऊन दादा उभे असतात. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट खाली येतो आणि नवरा-नवरी एकमेकांकडे पाहतात. तो क्षण एका श्वासाएवढा. तेवढ्यात समोर दहा मोबाईल वर होतात, अक्षता भिंगावर येऊन पडतात, आणि मागून कोणीतरी ओरडते, "ओ फोटोवाले, बाजूला व्हा, दिसत नाही!" तो क्षण सुटला तर पुन्हा येत नाही. कवीला ओळ खोडता येते. चित्रकाराला रंग पुन्हा लावता येतो. याला ती सोय नाही.

जेवणाचे म्हणाल, तर शेवटची पंगत आमची. तोवर वरण असते, बट्ट्या संपलेल्या असतात. विदाई झाली की वऱ्हाड झोपते आणि दादांचे दुसरे काम सुरू होते. हजारो फोटो उतरवून घ्यायचे, ते दोन ठिकाणी जपून ठेवायचे, त्यांतून निवड करायची, उजेड सारखा करायचा, अल्बमची पाने लावायची. लग्न एका दिवसाचे, पण काम पंधरा रात्रींचे. या पंधरा रात्री कोणाच्याच हिशेबात धरल्या जात नाहीत.

पूर्वी वेगळे होते, असे दादा सांगतात. मोठ्या १२० च्या रोळात चौरस आकाराचे बारा फोटो बसत, ३५ मिलिमीटरच्या रोळात छत्तीस. प्रत्येक फोटोला दाम होता, म्हणून घेणाराही मोजून घेई आणि काढणाराही विचार करून काढी. भारत सरकारने १९६० साली उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला होता. त्याच्या ‘इंदू’ नावाच्या कृष्णधवल फिल्मवर कितीतरी भारतीय घरांच्या आठवणी उतरल्या. पुढे डिजिटल कॅमेरा आला. गंमत अशी, की तो पहिल्यांदा बनवला कोडॅक कंपनीच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने, १९७५ साली, आणि २०१२ साली त्याच कोडॅकवर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आली. जी गोष्ट एवढ्या मोठ्या कंपनीला झेपली नाही, ती आमच्या दादांना झेपावी लागली. डार्करूम मोडली, कर्ज काढून नवा कॅमेरा घेतला. फोटोला रोळ लागत नाही म्हटल्यावर लोकांना वाटू लागले, की फोटोला काहीच लागत नाही. "त्याले काय लागते? बटनच तं दाबा लागते!" हे वाक्य मी प्रत्येक लग्नात एकदा तरी ऐकतो.

या धंद्याचे वर्ष पंचांगावर चालते. तुळशीचे लग्न लागले की कामे सुरू, पौष कोरडा, चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत धावपळ, आणि आषाढी एकादशीनंतर चार महिने शुकशुकाट. अधिक महिना आला की तोही गेला. बौद्ध पद्धतीची आणि मुस्लिम समाजातली लग्ने या मुहूर्तांवर अडून नसतात, म्हणून अधूनमधून चूल पेटती राहते. पण कॅमेऱ्याचा हप्ता चातुर्मास पाळत नाही. २०२० साली ऐन चैत्र-वैशाखात टाळेबंदी आली, आणि नंतर लग्नाला परवानगी मिळाली तीही पन्नास माणसांची. त्या वर्षी अक्षय्य तृतीया २६ एप्रिलला होती. दादांनी त्या दिवशी कॅमेरा पुसून परत पिशवीत ठेवला.

आता संगीताच्या फोटोंविषयी. दादांचा खरा जीव त्यात आहे. आमच्या भागात गाण्याला तोटा नाही. आंबेडकर जयंतीला भीमगीते, उरुसाला कव्वाली, गावोगावी सप्ताहाचे कीर्तन, खंजिरी भजन, लग्नात बँड. रंगमंचावरचे दिवे क्षणात लाल, क्षणात निळे होतात. गायकाचा चेहरा माइकच्या मागे लपतो. झगझगीत फ्लॅश मारला तर गाणाऱ्याची तंद्री मोडते, म्हणून दादा तो मारत नाहीत. आहे त्या उजेडात श्वास रोखून उभे राहतात. गाणे कळल्याशिवाय गाण्याचा फोटो निघत नाही, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो. समेवर येताना तबलजी आणि गायक एकमेकांकडे पाहून हसतात. ती सम कधी येणार हे ज्याला कळते, त्याचाच हात वेळेवर पडतो.

पण या फोटोंना पैसे कोण देणार? आयोजकांना हवे असतात सत्काराचे फोटो. शाल, श्रीफळ आणि हार. गायकाचे चार आणि पाहुण्यांचे चाळीस, असे आमचे प्रमाण असते. दादांकडे वरातीतल्या एका क्लॅरिओनेटवाल्याचा फोटो आहे. गाल फुगलेले, कपाळावर घाम, डोळे मिटलेले, आणि मागे नवरदेवाची घोडी अंधुक. कोणी सांगितले नव्हते, कोणी पैसेही दिले नाहीत. माझ्या मते दादांच्या हातचा तो सर्वांत उत्तम फोटो आहे.

मोठ्या शहरातही हे चित्र फार निराळे नसावे. पं. भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. तेथे गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंतांची प्रकाशचित्रे सतीश पाकणीकर यांनी वर्षानुवर्षे टिपली, त्यांची प्रदर्शने भरवली, दिनदर्शिका काढल्या. पण त्यांचा व्यवसाय औद्योगिक प्रकाशचित्रणाचा. पोट एकीकडे आणि जीव दुसरीकडे, ही विभागणी पुण्यालाही चुकली नाही, मग नांदुऱ्याला कशी चुकेल?

याच संदर्भात मी आपल्या देशाचा १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडून पाहिला आणि चकित झालो. त्यातील कलम १७ असे सांगते, की कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्या फोटोच्या हक्काचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. म्हणजे लग्नाचे हजार फोटो दादांचे नाहीत. तो क्लॅरिओनेटवाला मात्र दादांचा! ज्याचे पैसे मिळाले ते काम परक्याचे झाले, आणि ज्याचा एक पैसा मिळाला नाही तेवढेच स्वतःचे राहिले. परंतु याच कायद्याने एक गोष्ट राखून ठेवली आहे. फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा, अशी व्याख्या त्यात आहे, आणि कलम ५७ प्रमाणे मालकी दुसऱ्याकडे गेली तरी ‘हे मी केले’ असे म्हणण्याचा कर्त्याचा हक्क जात नाही. कायद्याने दिलेले हे नाव आपण समाज म्हणून त्याला देत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

यावर काही आक्षेप घेतले जातील, याची मला जाणीव आहे. फोटोवाले लग्नात लुडबूड करतात, माळ तीनतीनदा घालायला लावतात, अल्बम वर्षभर देत नाहीत. हे खरे आहे. दादांनीही एक अल्बम आठ महिने लांबवला होता, मी साक्षीदार आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लग्नाआधीचे शूटिंग, ड्रोन, मोठमोठे पडदे, या हौसेपायी आमच्यासारख्या घरांवर कर्ज होते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली साध्या, कमी खर्चाच्या सत्यशोधक विवाहाचा मार्ग दाखवला, त्याच महाराष्ट्रात हे चालले आहे. मी या उधळपट्टीचे समर्थन करीत नाही. ज्या खर्चाने माझ्या वडिलांना मागच्या दाराने जावे लागले, त्याच खर्चावर आज माझी फी भरली जाते, हा पेच मला रात्री झोपू देत नाही. पण माझ्या मनाने मी एवढे ठरवले आहे : फोटो कमी काढून घ्या, ड्रोन नको असेल तर सांगूच नका, परंतु जे काम सांगितले त्याचे दाम बुडवू नका. काटकसर मंडपात, मानपानात करता येते. ती दुसऱ्याच्या मजुरीत करायची नसते.

म्हणून काही साध्या सूचना करतो. काम ठरवताना एका कागदावर लिहून घ्यावे : किती दिवस, किती फोटो, अल्बम केव्हा, पैसे केव्हा. तारीख मोडली तर इसाराचे काय, तेही लिहावे. त्यात दोघांचेही हित आहे. काम करणाऱ्याला वेळेवर पंगतीत बसवावे. आणि फोटो कुठे छापला, वाटला किंवा भिंतीवर लावला, तर काढणाऱ्याचे नाव लिहावे. दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय करीत होते. आज आपण त्यांचे नाव आदराने घेतो. १९१३ साली तो चित्रपट आला नसता, तर तेही कोणाच्या तरी अल्बममागचे ‘फोटोवाले’च राहिले असते.

शेवटी आपल्या संपादक मंडळाला नम्र विनंती. आपल्या वार्षिकात दरवर्षी स्नेहसंमेलनाची छायाचित्रे येतात. त्यांखाली ‘बसलेले, डावीकडून’ आणि ‘उभे, डावीकडून’ अशी प्राचार्यांपासून शिपाईमामांपर्यंत सर्वांची नावे असतात. ही फार चांगली प्रथा आहे. पण मी मागचे सात अंक ग्रंथालयात बसून चाळले, एकाही छायाचित्राखाली ते काढणाऱ्याचे नाव मला सापडले नाही. या अंकापासून ते छापावे. त्याला एक ओळ पुरेल.

मी घरी आजोबांच्या फोटोमागचा पुठ्ठा काढून पाहिला. एखादा शिक्का, एखादे नाव असेल असे वाटले होते. काही नव्हते. आई म्हणाली, "काय पाह्यतं रे?" मी पुठ्ठा परत बसवला.