कापडी फुलांची भिंत



गेल्या नाताळात आमच्या चर्चमध्ये गव्हाणीच्या मागे जी गुलाबी-पांढरी फुलांची भिंत उभी होती, ती माझ्या घरच्या ओसरीत तयार झाली. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की बाई दुसऱ्यांनी केलेल्या कामाला नावं ठेवतायत. कल्पना माझी, वर्गणी मागायला गेले तीही मीच, आणि ग्लू गनने बोटं भाजली तीही माझीच.

लग्नाच्या हॉलमध्ये, वाढदिवसाला, फोटो काढायच्या जागी अशा भिंती आता सगळीकडे दिसतात. आमच्या आदिलाबादच्या हॉलवाल्याने एका दिवसाच्या भाड्याचा जो आकडा सांगितला, तो ऐकून आम्ही महिला मंडळाच्या सातजणींनी ठरवलं की घरीच करू. एकीचा मुलगा हैदराबादला असतो. त्याने बेगम बाजारातून पोतंभर फुलं आणि जाळीच्या चटया आणल्या. एक चटई साधारण 60 बाय 40 सेंटीमीटरची असते. सहा फूट लांब, सहा फूट उंच भिंतीला अशा चौदा-पंधरा लागतात. प्लंबिंगच्या पाइपची चौकट केली, पण कोपरे चिकटवले नाहीत, नुसते घट्ट बसवले, म्हणजे नंतर सगळं सुटं करून माळ्यावर टाकता येतं. जाळी चौकटीला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधली. फुलांचे दांडे दोन बोटं ठेवून कापले. आधी मोठे गुलाब लांब लांब लावायचे, मग मधली फुलं, आणि उरलेल्या फटींत पानं. आम्ही पहिल्या रात्री उलटं केलं, एका कोपऱ्यापासून भरत आलो, आणि निम्म्यावरच मोठी फुलं संपली. सगळं उपटून पुन्हा लावलं. मागून उजेड आला की फटी दिसतात, म्हणून पाठीला हिरवं कापड लावलं. ज्यांना करायची आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

दहा रात्री लागल्या. त्या दहा रात्री मला फार आवडल्या. कापसाची वेचणी चालू होती, बायका दिवसभर शेतात किंवा कामावर, तरी जेवणं आटोपून येत. हातात फुलं आणि तोंडाने रोझरी. एक गूढ मराठीत, एक तेलुगूत, कारण आमच्याकडे दोन्ही आहे. आमचा धर्मप्रांत 1999 साली चांद्याच्या धर्मप्रांतातून वेगळा झाला, पण बेला-जैनथच्या बाजूची आमची घरं पैनगंगेच्या दोन्ही काठांना नातीगोती ठेवून आहेत. प्रार्थनेची भाषा घरातली तीच राहिली. त्या रात्री ज्या बायका एरवी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून निघून जातात, त्या माझ्या ओसरीत हसत होत्या, भांडत होत्या, एकमेकींच्या सुनांची चौकशी करत होत्या.

म्हणून कोणी मला म्हणालं की खोटी फुलं देवाच्या घरात शोभत नाहीत, तर मी लगेच मान डोलवत नाही. राजांचे पहिले पुस्तक, सहावा अध्याय काढून बघा. शलमोनाने मंदिराच्या भिंती आतून गंधसरूच्या फळ्यांनी मढवल्या आणि त्यांवर चहूबाजूंनी करूब, खजुराची झाडं आणि उमललेली फुलं कोरून घेतली. वरून सोनं चढवलं. सात वर्षं काम चाललं. ती फुलंही काही वेलीवर उमललेली नव्हती. निर्गम पुस्तकात दीपवृक्षाला बदामाच्या फुलांसारख्या वाट्या आहेत, अहरोनाच्या झग्याच्या काठाला निळ्या-जांभळ्या-किरमिजी सुताची डाळिंबं आहेत. माणसाच्या हाताने केलेलं फूल देवाने कधी परत पाठवलेलं नाही. त्यात कोणाचे तरी हात आणि दिवस गेलेले असतात.

तेव्हा माझी अडचण फूल खोटं असण्याची नाही. माझी अडचण नाताळानंतर सुरू झाली.

भिंत इतकी छान दिसत होती की ती काढायचं कोणाच्या मनात आलं नाही. तीन राजांचा सण झाला, गव्हाण आवरली, भिंत राहिली. कोणीतरी ती सरकवून वेदीच्या मागे नेली. पवित्र मरियेच्या पुतळ्यापुढची पितळी फुलदाणी मध्ये येत होती, ती सॅक्रिस्टीत गेली. जानेवारी गेला. उपवासकाळ सुरू झाला तरी गुलाबी गुलाब जागच्या जागी होते, फक्त धुळीने थोडे तपकिरी झाले होते. लॅटिन विधीच्या मिस्सा ग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत, 305 व्या कलमात, स्पष्ट आहे की उपवासकाळात वेदी फुलांनी सजवायची नाही, चौथा रविवार आणि मोठे सण सोडून. आपण सिरो-मलबार विधीचे असलो तरी त्यामागचा अर्थ आपल्यालाही लागू आहे, हे मी दरवर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवते. त्या वर्षी एका मुलाने हात वर करून विचारलं, "टीचर, मग आपल्या वेदीमागं?" मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, म्हणजे बरं नसणार.

आणि मग आजींची गोष्ट. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. बेल्याकडच्या एका वस्तीवर राहतात. कितीतरी वर्षं दर शनिवारी दुपारी शेअर ऑटोने येत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली फुलं घेऊन. हिवाळ्यात झेंडू आणि शेवंती, पावसाळ्यानंतर बांधावरचा पिवळा तरवड आणि कुर्डू, ज्यांच्या आमच्याकडच्या शेजारणी त्याच दिवसांत बतुकम्मा रचतात. उन्हाळ्यात काहीच नसेल तेव्हा नुसती कडुनिंबाची कोवळी डहाळी. फुलदाणी घासायच्या, पाणी बदलायच्या, मागच्या आठवड्याची वाळलेली फुलं पदरात बांधून घेऊन जायच्या, ती त्या शेतात टाकत. मग पुतळ्यापुढे बसायच्या. कधी अर्धा तास, कधी ऑटो चुकेपर्यंत.

भिंत उभी राहिल्यावरच्या पहिल्या शनिवारी त्या आल्या होत्या. फुलदाणी सापडली नाही, म्हणून त्यांनी पुडकं संत योसेफाच्या पायाशी ठेवलं. दुसऱ्या शनिवारी तसंच. मग आल्या नाहीत. हे माझ्या लक्षात यायला मार्च उजाडला. मी घरी गेले, वाटलं आजारी असतील. त्या अंगणात तुरी पाखडत होत्या. म्हणाल्या, "आता फुलं लागत नाहीत नं, बाई. तुम्ही चांगलं कायमचंच करून टाकलं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी ऑटोत बसून परत येताना तोच एक शब्द घोळवत होते, कायमचं. आपल्याला वाटतं ताज्या फुलांचा दोष हा की ती कोमेजतात. आठवड्याला पैसे, आठवड्याला खटपट. पण कोमेजतात म्हणूनच तर शनिवारी कोणाला तरी यावं लागतं. झेंडू गुरुवारपर्यंत मान टाकतो, आणि त्याची ती मान एका म्हातारीला नऊ किलोमीटरवरून बोलावून आणते. आमच्या भिंतीने कोणालाच बोलावलं नाही. तिने दहा रात्री आम्हाला एकत्र आणलं हे खरं, पण एकदा उभी राहिल्यावर तिला आमची गरज उरली नाही. आणि आम्हाला वाटलं, बरं झालं, एक काम कमी झालं.

प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात भूकमळांकडे बोट दाखवलं तेव्हा तो टिकाऊ वस्तूंबद्दल बोलत नव्हता. आज रानात आहे आणि उद्या चुलीत जाणार आहे अशा गवताबद्दल तो बोलत होता, आणि म्हणाला की त्याला बाप असं नटवतो की शलमोनही तसा नटला नाही. मी हा उतारा वीस वर्षं मुलांना शिकवतेय. चिंता करू नका, एवढंच सांगून पुढे जायची. आता वाटतं की ज्याच्यावर बाप एवढी कलाकुसर करतो ते एका दिवसाचं असतं, हेही त्यात आहे. त्याला उधळपट्टीची भीती वाटत नाही.

आमच्या खजिनदारांना हे पटत नाही. ते म्हणतात, एकदा खर्च, पाच वर्षं चिंता नाही, वाचलेले पैसे गरिबांच्या औषधाला. म्हणणं वाईट नाही. पण मला बेथानीचं घर आठवतं. मरियेने जटामांसीचं सुगंधी तेल प्रभूच्या पायांवर ओतलं, तीनशे दिनारांचं, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई, आणि हेच पैसे गरिबांना देता आले असते असा हिशोब तिथेही एकाने मांडला होता. (खजिनदार माझे दीर आहेत, मी त्यांना कोणाची उपमा देत नाही.) तसं बघितलं तर आजींच्या फुलांचा खर्च ऑटोभाड्याएवढाच, आणि तेही त्या स्वतः देत.

त्यांची बाजूही मांडायला हवी. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, सकाळी ठेवलेलं फूल दुपारी कागद होतं. रानातल्या छोट्या प्रार्थनागृहांत महिन्यातून एकदा मिस्सा होते, तिथे कोण पाणी बदलणार? शहरातून विकत आणलेल्या गुलाबांवरही फवारण्या झालेल्या असतात. हे सगळं खरं आहे. पण कापडी म्हणतो ती फुलंही बहुतेक पॉलिस्टरची असतात, देठ प्लास्टिकचे, आणि मळली की ती कुजत नाहीत, पंचायतीच्या कचऱ्यात जातात आणि तिथून जळत्या ढिगावर. जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. सजावटीचं थर्माकोल त्या यादीत आहे, प्लास्टिकची फुलं नाहीत. महाराष्ट्रातले फूल उत्पादक याच मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्या शेतकऱ्यांत आपले भाऊबंदही असतील. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली सृष्टीविषयी जे पत्र लिहिलं, ते आपण चर्चमध्ये वाचून दाखवलं होतं. वाचून दाखवलं आणि पुढच्या डिसेंबरात बेगम बाजार गाठला.

एक धोक्याची गोष्ट घाईत राहून जायला नको. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला एक मेणबत्ती भिंतीच्या फार जवळ ठेवली गेली होती. फूल पेटलं नाही, पण वितळून थेंब थेंब खाली पडलं, आणि ज्या मुलाने ते पाहिलं तो हुशार निघाला. पॉलिस्टर वितळत वितळत जळतं. ते अंगावर पडलं तर चिकटतं. भिंत करा, पण तिच्याजवळ ज्योत नको. दिव्यांची माळसुद्धा गरम होणारी नको.

तर मग काय करावं? माझं मत असं. भिंत घरी करा, जरूर करा. मुलाचं पहिलं कम्युनियन असेल, कोणाचा रौप्यमहोत्सव असेल, तर हॉलवाल्याला पैसे देण्यापेक्षा शेजारणींना बोलावून दहा रात्री एकत्र बसा. सण झाला की त्याच आठवड्यात सुटी करा, सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा आणि चादरीत गुंडाळून ठेवा. ज्या घरात बाप्तिस्मा आहे पण पैसा नाही, त्यांना फुकट वापरायला द्या. आमची भिंत आता तशीच फिरते, आत्तापर्यंत चार घरी जाऊन आली. एका घरून तीन गुलाब कमी आले, ठीक आहे. पण वेदीजवळ आणि मरियेपुढे जे ठेवायचं ते मरणारं असू द्या. कमी असू द्या. एक डहाळी चालेल. फूल नसेल त्या आठवड्यात रिकामी फुलदाणीही चालेल, ती कोणाला तरी दिसेल.

पुढच्या नाताळासाठी मंडळात एक सूचना मी मांडली आहे. डिसेंबरात आमच्याकडे शेताशेतांत पऱ्हाटी उभी असते, उरलेली बोंडं फुटून पांढरी झालेली. गव्हाणीच्या मागे त्याच काड्या बांधल्या तर? विकत काही आणायचं नाही, आणि नंतर चुलीत घालता येतात. दोघी म्हणाल्या, कापूस रोज बघतो, सणालाही तोच? त्यांचंही खरं आहे. अजून ठरलेलं नाही.

पितळी फुलदाणी मात्र परत जागेवर आली. मी ती स्वतः चिंचेने घासली आणि आजींकडे निरोप पाठवला. निरोपाने त्या आल्या नाहीत. मग मीच पुन्हा गेले आणि म्हटलं, आजी, आमचं चुकलं, फुलं लागतात. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की आता गुडघे दुखतात, दर शनिवारी जमायचं नाही, महिन्यातून दोनदा येईन.

म्हणून चर्चच्या दाराशी एक कागद लावला आहे. पहिला आणि तिसरा शनिवार त्यांचा. एका शनिवारी पहिल्या कम्युनियनच्या वर्गातली मुलं आणणार आहेत, जे मिळेल ते. पुढच्या महिन्याच्या यादीत चौथा शनिवार अजून रिकामा आहे.